शेतकरी मित्राच्या घराला मदत: रोख द्यावी की वस्तू?

पायवाट
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

आम्ही कॉलेजचे सोळा जण अजून एकमेकांना धरून आहोत. आमच्यातलाच एक, वडील अंथरुणाला खिळले म्हणून शेवटचं वर्ष अर्धवट सोडून घरी शेती बघायला गेला तो गेलाच. घरात तो, त्याची बायको, शाळेतली दोन मुलं आणि म्हातारी आई. गेली दोन वर्षं त्याच्या हाताला पीक लागलेलं नाही, एकदा पाऊसच उशिरा आला आणि एकदा पीक चांगलं उभं होतं तर ऐन काढणीत झोडपून गेला. तो स्वतःहून कधी बोलत नाही, आम्हाला दुसऱ्याकडून कळलं की मोठ्या मुलाची शाळा सुटायच्या बेतात आहे. मग सगळ्यांनी मिळून पैसे जमवले. आकडा लिहीत नाही, पण बऱ्या वर्षात त्याच्या घरात जेवढी रोकड येते साधारण तेवढे आहेत.

आता अडलंय ते इथे. एक म्हणतो दुभतं जनावर घेऊन देऊ, डोळ्यांसमोर तरी राहील. दुसरा म्हणतो मुलांची फी परस्पर शाळेत भरू. एकाने सरळ लिहिलं की रोख पैसा हातात आला की महिन्याभरात उडतो. मला ते फार लागलं, कारण हा तोच मित्र आहे ज्याच्याकडे मी परीक्षेच्या दिवसांत स्वतःचे पैसे सांभाळायला द्यायचो. पण उत्तर काय द्यावं ते मला सुचलं नाही.

म्हणून विचारतोय, खरंच रोख मदत मिळाल्यावर शेतकऱ्याच्या घरात काय होतं? कुणी जवळून बघितलंय का? एकदम द्यावी की दर महिन्याला थोडी थोडी? आणि त्याच्या नावाने की वहिनींच्या?

कोरडवाहू
पायवाट, मी अशाच घरातला आहे म्हणून लिहितोय. मी नववीत असताना मळणी यंत्रात वडिलांचा हात गेला, आणि त्या वर्षी माझ्या दोन काकांनी मदत केली. एकाने रोख पैसे दिले, दुसऱ्याने गाय दिली. त्यामुळे दोन्हीचं काय झालं ते मी शेजारी शेजारी बघितलंय.

गाय चांगली होती, काकांनी मनापासून दिली होती, त्यांच्याबद्दल आजही माझ्या मनात आदरच आहे. पण गाय आली म्हणजे चारा आला, पाणी आलं, आजारी पडली की डॉक्टर आला, आणि घरात एक माणूस एका हाताने अधू. आई दिवसभर मजुरीला, मग गायीचं करणार कोण? आठ महिन्यांत विकावी लागली, तीही गरजेपोटी, आणि गरजेपोटी विकायला निघालेल्या माणसाला कधी पूर्ण किंमत मिळत नाही. काकांना सांगताना वडिलांचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून आठवतं.

आता रोख पैशांचं. पहिल्या महिन्यात बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. नवीन वस्तू आली नाही, घराला रंग लागला नाही. कुणी म्हणू शकलं असतं की बघा, उडाले. पण ते गेले कुठे तर आधी बियाणं-खताच्या उधारीला, मग दोन ठिकाणच्या हातउसन्याला. उधारी फिटली नसती तर पुढच्या हंगामाला बियाणं कुणी दिलं नसतं हो. कर्ज फिटणं हे दिसत नाही म्हणून ते खर्चात कुणी धरतच नाही, आणि मला वाटतं तुमच्या मित्रांची गफलत इथेच होतेय.

खरा फरक त्यानंतर पडला आणि तो पैशांत मोजता येण्यासारखा नव्हता. त्या वर्षी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली नाही. ज्यांनी शेती केली नाही त्यांना हे पटकन कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेरणी होऊन महिनाभर झाला की तण वर येतं, आणि नेमके तेच दिवस घरातलं धान्य संपायचे असतात. मग हातात रोकड नाही म्हणून माणूस रोजंदारीला जातो, दुसऱ्याचं रान स्वच्छ करतो आणि स्वतःचं तसंच पडतं. आठ-दहा दिवस उशीर झाला तरी पिकाचं कायमचं नुकसान होतं. म्हणजे आजची मजुरी घेताना आपण आपलंच पुढचं पीक कापत असतो, आणि हे कळत असूनही जावं लागतं कारण चूल आज पेटायची असते. आमच्या घरी ते एक वर्ष थांबलं आणि खळ्यावर फरक दिसला.

दुसरं म्हणजे माल खळ्यावरून लगेच विकावा लागला नाही. काढणीला सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो, भाव पडलेला असतो, आणि तोच शेतकरी चार-पाच महिन्यांनी खायला धान्य चढ्या भावाने विकत आणतो. त्या वर्षी आम्ही खाण्यापुरतं राखून ठेवलं.

चूकही झाली, तीही सांगतो. उरलेल्या पैशांत वडिलांनी जुनं इंजिन घेतलं पाण्यासाठी, ते वर्षभरात बसलं. तेवढे पैसे गेलेच. पण माझ्या बहिणीची शाळा टिकली, ती आज नर्स आहे. माझं मत विचाराल तर रोख द्या.

वहीखातं
कोरडवाहू दादांनी जे लिहिलंय त्यातलं जवळजवळ सगळं अभ्यासांतही दिसतं. ग्रामीण योजनांचा परिणाम मोजणं हेच माझं काम आहे, त्यामुळे या विषयावरचं बरंच वाचलंय, जे पक्कं माहीत आहे तेवढं लिहितो.

उडवण्याची शंका आधी घेतो कारण ती सगळ्यात जुनी. डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून हाच प्रश्न तपासला, तो लेख २०१७ मध्ये छापून आला. रोख मदतीनंतर दारू-तंबाखूवरचा खर्च सरासरीत वाढलेला नव्हता, थोडा घटलेलाच होता. एखाद्या घरात उलटं होणार नाही असं मी म्हणत नाही, पण ‘रोख म्हणजे उडणारच’ हे सरसकट धरून चालायला आधार नाही.

आता घरात काय होतं ते. केनियातल्या रारिएडा भागात योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी २०११ पासून एक प्रयोग केला, त्याचा लेख २०१६ चा. गवताने शाकारलेली घरं असलेली गरीब कुटुंबं निवडली आणि त्यांना एम-पेसा या तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेने विनाअट पैसे पाठवले. कुणाला मोठी रक्कम कुणाला छोटी, कुणाला एकरकमी कुणाला महिन्याला, कधी नवऱ्याच्या नावाने कधी बायकोच्या, आणि हे सगळं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे तुलना रास्त व्हावी. कुटुंबांचा खाण्यावरचा खर्च वाढला, जनावरं वाढली, बऱ्याच जणांनी गवत काढून पत्रे टाकले. पत्रे म्हणजे चैन वाटेल, पण गवताचं छप्पर पुन्हा पुन्हा बदलावं लागतं आणि त्याला दर वेळी पैसे पडतात, तो खर्च कायमचा थांबला. शिवाय लोकांच्या मनावरचा ताणही कमी झाला. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला रात्री झोप नाही तो शेतीचे निर्णय कसे घेणार.

एकदम की हप्त्याने, याचं उत्तर त्याच अभ्यासात आहे. महिन्याला पैसे मिळालेल्या घरांत खाण्यापिण्याची ओढाताण जास्त कमी झाली, एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या. पुढे केनियातच २०१८ च्या सुमाराला एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही गावांत प्रत्येक प्रौढाला महिन्याला साधारण साडेबावीस डॉलर बारा वर्षांसाठी, काही गावांत तेवढेच पण दोनच वर्षं, आणि काही गावांत ती दोन वर्षांची रक्कम एकदम, सुमारे ५०० डॉलर. धंदा उभा करण्यात एकरकमीवाले दोन वर्षांच्या हप्तेवाल्यांपेक्षा पुढे निघाले. आणि बारा वर्षांची खात्री असलेल्यांनी काय केलं तर आपल्या भिशीसारखे गट धरून महिन्याच्या पैशांची स्वतःच मोठी रक्कम बनवली. म्हणजे शेतकऱ्याला, धंदेवाल्याला मोठी रक्कम लागते ती लागतेच, नाही दिली तर तो ती जुळवायचा मार्ग शोधतो. लोकांनी काम सोडल्याचं तिथे दिसलं नाही, मजुरी कमी करून स्वतःच्या धंद्याकडे वळलेले दिसले.

खुरपणीचा मुद्दा वाचून मला झांबिया आठवला. तिथे २०१० पासून लहान मूल असलेल्या गरीब घरांना विनाअट रोख रक्कम द्यायला लागले. त्या घरांनी कसलेली जमीन वाढवली, बियाणं-खतावर जास्त खर्च केला आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी कमी केली. पूर्व झांबियात आणखी एक प्रयोग झाला, त्यात मदत नव्हती, उसनवारी होती. जानेवारी ते मार्च या टंचाईच्या महिन्यांत धान्य किंवा रोख द्यायची आणि काढणी झाली की परत घ्यायची. तेवढ्यानेही कुटुंबं आपल्या रानात जास्त राबली, उत्पन्न वाढलं, आणि मजूर कमी पडल्यामुळे गावातला मजुरीचा दरही चढला, म्हणजे ज्यांना ते मिळालं नव्हतं त्या मजुरांनाही थोडं मिळालंच.

शेजाऱ्यांचं पण सांगतो, कारण हा प्रश्न पायवाट यांनी विचारला नाही पण पुढे येईलच. केनियातल्या सियाया काउंटीत ६५३ गावांत काम झालं, १०,५०० च्या वर कुटुंबांना प्रत्येकी साधारण हजार डॉलर. ज्या शेजाऱ्यांना काही मिळालं नाही त्यांचंही उत्पन्न आणि खर्च वाढला कारण पैसा गावातच फिरला, दिलेल्या एका डॉलरमागे स्थानिक व्यवहारात अडीच डॉलरच्या आसपास भर पडली, आणि भाव सरासरी ०.१ टक्केच चढले. पण रारिएडाच्या आकडेवारीतून दुसरी बाजूही निघाली होती, शेजारी श्रीमंत झालेला बघून न मिळालेल्यांचं समाधान काही काळ घटलं, मग हळूहळू ते ओसरलं. एकाच घराला मदत करताना हे डोक्यात ठेवा. गाजावाजा नको.

सुगी
वहीखातं भाऊ, चांगली माहिती दिलीत, पण मला एका गोष्टीची काळजी वाटते. हे सगळं वाचून पायवाट यांच्या ग्रुपला वाटेल की पैसे दिले म्हणजे मित्राची शेती सावरली. मी स्वतः शेती करते, सासरे गेल्यापासून सगळं मीच बघते, आणि पैसे हातात असूनही मी कमी पेरलेलं वर्ष मला आठवतं. का, तर पाऊस काय करेल याचा भरवसा नव्हता. जास्त खत टाकून पीक गेलं तर नुकसानही जास्त. आदल्या वर्षी ज्याचं पीक डोळ्यांसमोर गेलंय तो हात आखडूनच पेरतो, त्याला कुणी भित्रा म्हणू नये.

उत्तर घानात डीन कार्लन, ख्रिस्तोफर उड्री वगैरे मंडळींनी हेच तपासलं होतं, २०१४ चा लेख आहे. काही शेतकऱ्यांना रोख अनुदान, काहींना पावसाचा विमा, काहींना दोन्ही. ज्यांना विमा मिळाला त्यांनी शेतीत जास्त पैसा घातला, आणि तो त्यांनी कुठून तरी स्वतःच उभा केला! नुसतं रोख अनुदान मिळालेल्यांत शेतीतली गुंतवणूक तेवढी वाढली नाही. मी हे वाचलं तेव्हा मला माझंच लिहिल्यासारखं वाटलं. तुमच्या मित्राची दोन्ही वर्षं पावसानेच घालवली आहेत, मग पेरणीआधी विम्याची मुदत कधी संपते ते बघून तो उतरवायला या पैशांतले थोडे बाजूला ठेवायला सुचवा. सुचवाच फक्त, अट घालू नका.

नावाचा प्रश्न. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा योजना सुरू केली तेव्हा पैसे आईच्या हातात द्यायचं ठरवलं होतं, मुलांची शाळा आणि दवाखान्याच्या अटीवर. त्याचं पुढे खूप देशांनी अनुकरण केलं. पण वहीखातं यांनी सांगितलेल्या केनियाच्या प्रयोगात नवरा की बायको याने बहुतेक गोष्टींत मोठा फरक पडलेला नव्हता. मला वाटतं घराघरावर आहे. मात्र एक व्यवहाराची गोष्ट कुणी लिहिली नाही ती लिहिते. मित्राचं पीककर्ज थकलेलं असेल, आणि दोन वर्षं पीक नाही म्हणजे असणारच, तर त्याच बँकेतल्या त्याच्या खात्यात रक्कम टाकू नका. बँक ती थकबाकीत वळती करून घेऊ शकते. आमच्या घरी एकदा असं झालंय, मुलाच्या ऑपरेशनसाठी भावाने पाठवलेले पैसे आले त्याच दिवशी खात्यातून गेले, आणि नंतर कितीही खेटे घातले तरी परत मिळाले नाहीत. वहिनींचं दुसऱ्या बँकेत स्वतःचं खातं असेल तर त्यात टाका. या एका कारणासाठी तरी.

आणि फी परस्पर शाळेत भरायचं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा, मुलाची शाळा नुसती फीमुळे सुटत नाही. बऱ्याचदा घरात कामाला हात कमी पडतात म्हणून सुटते. फी भरली आणि मजूर लावायला पैसे नसले तर मुलगा रानातच दिसेल.

मेरेवरून
छोटासा मुद्दा. जमीन त्याच्या स्वतःच्या नावावर आहे का वाट्याने करतोय? वाट्याने किंवा खंडाने करत असेल तर जमीनमालकाच्या कानावर ही मदत जाऊ देऊ नका, पुढच्या वर्षी खंड वाढवून मागतात, मी बघितलंय. सरकारी मदतीतही अशी माणसं सुटतात. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबाला मिळतात. तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू आणली, तेव्हा हंगामाला एकरी ४,००० रुपये द्यायचे, पण तेही मालकाला, कसणाऱ्या खंडकऱ्याला नाही. ओडिशाच्या कालिया योजनेत भूमिहीन आणि वाटेकरी घेतले होते, तशी उदाहरणं कमी. तर मित्र वाटेकरी असेल तर त्याला दुसरीकडून काही मिळत नसणार हे गृहीत धरा.

पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळी उत्तरं ग्रुपवर टाकली, कोरडवाहू दादांच्या गायीच्या गोष्टीनंतर जनावराचा विषय बंद झाला.

शनिवारी मी आणि अजून एक जण त्याच्या घरी जाऊन आलो. जमीन त्याची स्वतःची आहे. आम्ही विषय काढला तर तो उठून गोठ्याकडे गेला, बराच वेळ आलाच नाही. मग वहिनीच बोलल्या. त्यांच्याकडे सगळं तोंडपाठ होतं, कुणाचे किती, व्याज कुठलं जड, बियाणं कधी घ्यायचं, कितीचं. सगळ्यात आधी त्या एका सावकाराचं फेडायचं म्हणाल्या, कारण त्याचं व्याज दर महिन्याला चढतंय, बँकेचं वर्षाने चढतं. मुलाबद्दल विचारलं तर सुगी ताई म्हणतात तेच निघालं, फी नाही, तो सकाळी जनावरांचं बघतो म्हणून त्याला शाळेला उशीर होतो आणि मग तो जातच नाही. वहिनी मजुरीला गेल्या नाहीत तर सकाळचं त्या बघतील आणि मुलगा जाईल.

एकदम की हप्त्याने विचारलं तर म्हणाल्या अर्धे आत्ता द्या, अर्धे पेरणीच्या आधी. सगळे आत्ता आले तर मागायला येणारे खूप आहेत, नातेवाईकच आहेत, नाही म्हणता येत नाही. हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

त्यांचं स्वतःचं खातं आहे, वेगळ्या बँकेत. आणि निघताना त्यांनी एवढंच मागितलं की ग्रुपवर फोटो टाकू नका.

कोरडवाहू
पायवाट, वहिनींनी दोन भाग सांगितले ते बरोबर आहे, पण दुसऱ्या भागाची तारीख आत्ताच त्यांना लिहून द्या. ‘पेरणीच्या आधी’ एवढं मोघम ठेवू नका. सोळा जणांचा ग्रुप आहे, कुणाची बदली होईल, कुणाच्या घरी लग्न निघेल, आणि पाऊस काही तुमच्यासाठी थांबणार नाही. पैसे येणार हे नक्की असेल तर बियाणं उधारीवर न घेता रोखीने घ्यायचा हिशोब त्या आजच मांडू शकतील. दुसरा भाग आत्ताच कुणा एकाच्या खात्यात वेगळा काढून ठेवा.

सुगी
आणि विम्याचं विचारलंत का त्यांना?

पायवाट
विचारलं ताई. वहिनी म्हणाल्या मागच्या वर्षी उतरवायचा राहिला कारण शेवटच्या तारखेला हातात पैसे नव्हते. दुसऱ्या भागाची तारीख आता त्याच्या आधीची धरलीय.